एकच फियॉर्ड पुरे

नॉर्वेत स्वतः मोटार चालवत फिरायला निघालेल्या कुटुंबांच्या आखण्या बहुतेक एकाच साच्यातल्या असतात. ऑस्लोला उतरायचे, गाडी घ्यायची, स्टाव्हांगरकडे जाऊन प्रेइकेस्टोलेनचा कडा चढायचा, मग ट्रोलटुंगा, बर्गन, फ्लोमची रेल्वे, गायरांगर, ट्रोलस्टीगनची वळणे, अटलांटिक रस्ता, ट्रोनहाइम आणि परत ऑस्लो. दहा दिवस, दोन हजार किलोमीटरच्या पुढे अंतर आणि जवळजवळ रोज नवा मुक्काम. जास्त उत्साही असतील ते यात लोफोटेन बेटेही बसवतात. ही आखणी इतकी रूढ झाली आहे की तिला कोणी प्रश्नही विचारत नाही. वाद होतात ते कोणते ठिकाण कितव्या दिवशी घ्यावे एवढ्यापुरतेच.

माझे म्हणणे असे की या आखणीचा पायाच चुकला आहे. पण खंडन करायचे तर पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे, आणि हा पूर्वपक्ष दुबळा नाही. त्याचा पहिला आधार पैशांचा आहे: नॉर्वे महाग, विमानभाडे मोठे, व्हिसाची यातायात वेगळी. 'एवढं लांब जातोच आहोत, पुन्हा कधी जमेल कोण जाणे, तर सगळं बघून घेऊ,' हा विचार कष्टाने पैसे साठवणाऱ्या माणसाचा आहे आणि तो आदराने ऐकावा असाच आहे. दुसरा आधार प्रसिद्धीचा: ही ठिकाणे उगाच प्रसिद्ध झालेली नाहीत, दीडशे वर्षे जग ती पाहायला येते आहे. तिसरा रस्त्यांचा: नॉर्वेचे रस्ते उत्तम, बोगदे आणि पूल अफाट, तेव्हा अंतराची भीती कशाला? चौथा आधार मला सर्वांत विचार करायला लावणारा वाटतो. पश्चिम नॉर्वेत पाऊस केव्हा येईल सांगता येत नाही. एकाच ठिकाणी बसलात आणि आठवडाभर ढग उतरून राहिले, तर सगळी सहल गेली. दहा ठिकाणे घेतली तर निदान चार तरी उघडी सापडतील.

माझे उत्तर हे की हा सगळा देश उभा आहे आणि ही आखणी त्याला आडवा धरते. त्याची समृद्धी उंचीत साठलेली आहे. म्हणून एकच फियॉर्ड निवडावा, त्याच्या काठी आठ-दहा दिवस राहावे, आणि तेच पाणी होडीतून, काठावरून आणि पठारावरून पाहावे. ओघात मी सोग्नेफियॉर्डचे उदाहरण घेणार आहे, कारण हे म्हणणे तिथे सर्वांत स्पष्ट पडताळता येते.

आधी भूगोल. फियॉर्ड म्हणजे समुद्र आत शिरलेली दरी, एवढे आपण शाळेत शिकलो. ती दरी कशी झाली हे आखणीच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. हिमयुगांमध्ये स्कँडिनेव्हियावर बर्फाचे जाड आवरण पुन्हापुन्हा चढले. जुन्या नद्यांच्या दऱ्यांतून तो बर्फ समुद्राकडे सरकत गेला आणि आपल्या वजनाने, पोटात अडकलेल्या दगडांनी तळ खरवडत गेला. आतल्या भागात कड्यांमध्ये कोंडल्यामुळे तो जाड होता, म्हणून तिथे त्याने सर्वांत खोल खणले. किनाऱ्याजवळ तो पसरला, पातळ झाला आणि त्याची ताकद ओसरली. परिणाम असा की सोग्नेफियॉर्डची खोली आतल्या भागात १३०० मीटरहून अधिक आहे आणि मुखाशी पाण्याखालच्या उंबरठ्यावर ती दोनशे मीटरसुद्धा नाही. लांबी सुमारे २०५ किलोमीटर. बर्फाच्या या मुख्य धारेला येऊन मिळणाऱ्या लहान हिमनद्यांना तेवढे खोल खणता आले नाही. त्यांच्या दऱ्या उंचावरच लटकत राहिल्या, आणि त्या लोंबत्या दऱ्यांचे पाणी आज धबधबे होऊन खाली येते. फियॉर्डच्या काठावर उभे राहून धबधबा पाहणारा माणूस एका दरीच्या तळाशी असतो आणि दुसऱ्या दरीचे तोंड त्याच्या डोक्यावर शेकडो मीटर असते. ती वरची दरी कशी आहे, तिथे काय आहे, हे खालून कधीच कळत नाही. ते वर गेल्यावरच कळते.

माणसांनीही हा प्रदेश उंचीनेच वापरला. काठावरच्या चिंचोळ्या पट्टीत घर, गोठा आणि फळझाडे; उन्हाळ्यात गुरे आणि शेळ्या घेऊन वरच्या कुरणांवर जायचे, तिथेच दूध आटवून चीज करायचे आणि शरदात खाली उतरायचे. गायरांगर फियॉर्डच्या कड्यांत, पाण्यापासून काहीशे मीटर उंचीवरच्या सपाट टप्प्यांवर, स्कागेफ्लोसारखी शेते होती, जिथे सगळे सामान पाठीवरून चढवावे लागे. तिथली वस्ती उठली, पण घरे जपली आहेत. १९९३ साली राजा हाराल्ड आणि राणी सोन्या यांनी आपल्या लग्नाचा रौप्यमहोत्सव त्याच शेतावर साजरा केला. होडीतून जाणाऱ्याला ते शेत ध्वनिवर्धकावरच्या एका वाक्यापुरते भेटते. पायवाटेने चढून जाणाऱ्याला तिथे एक पिढी कशी जगली असेल याचा अंदाज येतो. गायरांगर आणि सोग्नेची चिंचोळी शाखा नेरोयफियॉर्ड या दोन्हींना २००५ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यामागे ही उभी रचना आहे.

आता रस्त्यांचा मुद्दा. नॉर्वेचे रस्ते चांगले आहेत, यात वाद नाही. पण चांगला रस्ता म्हणजे वेगवान रस्ता असे समीकरण तिथे चालत नाही. मोकळ्या रस्त्यावरची सर्वसाधारण मर्यादा ताशी ८० किलोमीटर, वस्तीत ५० किंवा त्याहून कमी, आणि दंड जबर. फियॉर्डकाठचे अनेक रस्ते एकाच गाडीच्या रुंदीचे आहेत. निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरात एम लिहिलेल्या जागी थांबून समोरच्याला वाट द्यायची असते, आणि समोरून बस आली तर मागेही जावे लागते. आपल्याला तर उजव्या बाजूने चालवायची सवयही नवीन. ऑस्लो ते बर्गन हे अंतर पावणेपाचशे किलोमीटरच्या आत आहे, पण न रेंगाळताही सात तास जातात. दापोली-गुहागर-रत्नागिरी असा किनारा धरून जाणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. दाभोळला धोपाव्याची फेरी आणि पुढे तवसाळ-जयगडची फेरी ज्याने घेतली आहे, त्याला खाडी आडवी आली की नकाशातले किलोमीटर किती फसवतात हे ठाऊक असते. नॉर्वेत तर खाडी दोनशे किलोमीटर आत शिरलेली आहे आणि दोन्ही बाजूंना हजार मीटरचे कडे आहेत.

फियॉर्ड ओलांडणाऱ्या अशा फेऱ्यांना आपल्या आखण्यांत वाया गेलेला वेळ समजतात. मला तो या प्रवासाचा गाभा वाटतो. काठावरच्या रस्त्यावरून फियॉर्डची फक्त समोरची भिंत दिसते, कारण स्वतः आपण दुसऱ्या भिंतीला चिकटलेले असतो. दोन्ही भिंती, त्यांच्यामधले पाणी आणि वळणापलीकडून येणारी शाखा एकत्र दिसते ती पाण्याच्या मध्यावरून. हेला ते द्राग्सविक ही फेरी पाव तासाची; तेवढ्या वेळात सोग्नेचा मुख्य प्रवाह आणि फियॅरलांडची शाखा जिथे मिळतात तो संगम सगळ्या बाजूंनी उघडतो. फेऱ्या ठरावीक वेळाने सुटत राहतात, गाडीने जाणाऱ्याला बहुतेक ठिकाणी आरक्षण लागत नाही, पैसे नोंदणी क्रमांकावरून आपोआप वळते होतात. याच फियॉर्डवर, लाविक आणि ओप्पेदाल यांच्यामध्ये, २०१५ साली 'अँपेअर' ही पूर्णपणे बॅटरीवर चालणारी जगातली पहिली मोटारफेरी सुरू झाली.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. किनाऱ्याच्या ई-३९ महामार्गावरच्या फेऱ्या काढून पूल आणि बोगदे करण्याची नॉर्वेची मोठी योजना आहे, आणि तिला विरोध करण्याचा हक्क पाहुण्याला नाही. रुग्णवाहिका रात्री फेरीची वाट पाहत थांबणे हा तिथल्या माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. हार्डांगर फियॉर्डवर २०१३ साली १३१० मीटरच्या मुख्य गाळ्याचा झुलता पूल झाला आणि जुनी फेरी गेली. ते योग्यच झाले. माझा आक्षेप पुलाला नाही. ज्या माणसाला कुठेही वेळेवर पोहोचायचे नाही, त्याने फेरी टाळण्यासाठी आखणी बदलावी, याला आहे.

बोगद्यांचेही तसेच. औरलांड आणि लॅरडाल ही सोग्नेच्या दोन शाखांवरची गावे. त्यांच्यामध्ये २००० साली २४.५ किलोमीटरचा बोगदा खुला झाला, जगातला सर्वांत लांब रस्ताबोगदा. चालकाला गुंगी येऊ नये म्हणून आत तीन मोठ्या गुहा कोरून निळ्या-पिवळ्या प्रकाशाने उजळल्या आहेत. हिवाळ्यात घाट बंद असताना ऑस्लो-बर्गन वाहतूक अडू नये, यासाठी तो बांधला. मोबाइलचा नकाशा तुम्हाला विनाविचार याच बोगद्यात घालतो, कारण त्याला वीस मिनिटे लागतात. बोगद्याच्या डोक्यावरून जाणारा जुना डोंगररस्ता ४७ किलोमीटरचा आहे. समुद्रसपाटीवरून तो १३०६ मीटरवर चढतो, उन्हाळ्यातही कडेला बर्फाच्या भिंती राहतात म्हणून त्याला हिमरस्ता म्हणतात, आणि पलीकडे लॅरडालला उतरतो. औरलांडच्या बाजूने चढताना ६५० मीटरवर स्टेगास्टाइनचा सज्जा आहे: लाकडाचा एक पट्टा कड्याबाहेर तीस मीटर जातो आणि खाली वळतो, टोकाला फक्त काच. टॉड साँडर्स आणि टॉमी विल्हेल्मसेन या वास्तुशिल्पींचे ते काम. बहुसंख्य प्रवासी सज्ज्यापर्यंत येतात, छायाचित्र काढतात आणि परत खाली उतरून बोगद्यात शिरतात. वरचे पठार, गोठलेली तळी, ओसाड दगड आणि लॅरडालच्या बाजूला अचानक सुरू होणारे बर्च वृक्षांचे रान त्यांना ठाऊकच होत नाही. जाताना वरून जावे आणि परतताना बोगद्यातून यावे. एकाच डोंगराच्या माथ्यावरून आणि पोटातून एकाच दिवशी जाण्याची सोय जगात फार ठिकाणी नाही.

प्रसिद्धीचा आधार मी हलका लेखत नाही. पण प्रसिद्धी कशी घडली ते पाहावे. एकोणिसाव्या शतकात इथे आलेले प्रवासी आगबोटीतून आले. गायरांगरला पहिले सहलीचे जहाज १८६९ मध्ये आले, आणि जर्मन सम्राट दुसरा विल्हेल्म १८८९ पासून जवळजवळ दर उन्हाळ्यात आपल्या जहाजातून या किनाऱ्यावर येत असे. १९१४ च्या जुलैत महायुद्ध पेटत असताना तो सोग्नेवरच्या बालेस्त्रांडला होता. आगबोट जिथे नांगर टाकू शके आणि घोडागाडी जिथवर चढू शके, तेवढीच ठिकाणे चित्रांत आणि टपालपत्रांवर आली. आजची यादी त्या नांगरांची वारस आहे. गाडी हाताशी असलेल्या माणसाने जहाजाच्या मर्यादा स्वतःवर लादून घेण्याचे कारण नाही.

अलीकडची प्रसिद्धी तर याहून अरुंद आहे, ती एकाच चौकटीची आहे. ट्रोलटुंगाच्या जिभेसारख्या खडकावर २०१० साली सुमारे ८०० माणसे गेली असतील. २०१६ पर्यंत हा आकडा ८०,००० च्या घरात गेला. खडक तोच होता. समाजमाध्यमांवर एक छायाचित्र पसरले, एवढाच फरक. शेड्येदालपासून ती जाऊन-येऊन सुमारे २७ किलोमीटरची, दहा-बारा तासांची चढाई आहे, आणि ती आदल्या दिवशी सात तास गाडी चालवलेल्या, पावसाळी बूट नसलेल्या माणसांनी करण्याजोगी अजिबात नाही. तिथे सुटकापथकांना वारंवार चढावे लागले आहे. आखणीतला एक दिवस भरून काढण्यासाठी असा डोंगर घेणे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

आणि ठिकाणांवर टांगलेली आखणी तुटते तेव्हा पूर्ण तुटते. ट्रोलस्टीगनचा अकरा वळणांचा घाट १९३६ साली राजा सातवा होकोन याने खुला केला. नॉर्वेचा तो बहुधा सर्वांत जास्त छायाचित्रे निघालेला रस्ता असावा. २०२४ च्या उन्हाळ्यात दरडींच्या धोक्यामुळे तो बंद ठेवावा लागला. ज्यांची सगळी सहल त्या वळणांभोवती रचली होती त्यांना पर्यायच उरला नाही. हे अपवादात्मक समजू नये. या प्रदेशात कडे कोसळणे हा जमिनीचा स्वभाव आहे. १९३४ च्या एप्रिलमध्ये ताफियॉर्डमध्ये कडा पाण्यात कोसळला आणि उसळलेल्या लाटेत चाळीस माणसे गेली. लोएनच्या तलावात १९०५ आणि १९३६ अशा दोनदा हेच घडले. गायरांगरजवळच्या ओकरनेस इथला डोंगर हळूहळू सरकतो आहे, म्हणून त्यावर वर्षाचे बाराही महिने मोजणीची यंत्रे रोखलेली असतात. असा प्रदेश पाहायला जाताना बंद रस्ता हे संकट न मानता शक्यता मानून आखणी करावी लागते. आणि ज्याच्या मुक्कामापासून दोन तासांत चार घाट आहेत, त्याचा एक घाट बंद झाल्याने काही बिघडत नाही.

आता तो चौथा आधार, पावसाचा. यादीवाल्यांचा हिशेब असा की ठिकाणे वाढली की ऊन मिळण्याची शक्यता वाढते. वरवर हे बरोबर दिसते. पण अटलांटिकवरून येणारी ढगांची आघाडी शेकडो किलोमीटर लांब असते. स्टाव्हांगर, बर्गन, गायरांगर, ओलसुंड ही सगळी ठिकाणे त्याच आघाडीच्या वाटेवर, डोंगराच्या एकाच, म्हणजे समुद्राकडच्या बाजूला आहेत. त्यांच्यात उत्तर-दक्षिण चारशे किलोमीटर फिरलात तरी ढग तुमच्याबरोबर चालतात. ऊन हवे असेल तर डोंगर ओलांडून पूर्वेला गेले पाहिजे. बर्गनला वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरच्या आत असलेल्या लोम-श्योक परिसरात तीनशे मिलिमीटरच्या आसपास. तो पर्जन्यछायेचा प्रदेश आहे. तिथल्या शेतकऱ्यांना पूर्वी डोंगरातून पाट काढून शेते भिजवावी लागत. सोग्नेच्या सर्वांत आतल्या टोकाला, श्योल्डेन गावात राहणारा माणूस सकाळी खिडकीतून ढग पाहतो आणि ८० किलोमीटरवरच्या लोमला निघतो. घाटमाथ्यावर धुके असते, आणि पुष्कळदा पलीकडे उतरता उतरता रस्ता कोरडा होत जातो. पावसावरचा उपाय माथ्याच्या दोन्ही बाजू आवाक्यात ठेवणे हा आहे. पूर्वपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा अशा रीतीने माझ्याच बाजूला येऊन उभा राहतो.

पैशांबद्दल फार बोलण्याची गरज नाही, कारण हिशेब सरळ आहे. दुसऱ्या शहरात गाडी सोडली की जादा आकार पडतो. दोन हजार किलोमीटरचे इंधन, टोल आणि एकेका रात्रीची हॉटेले मिळून सहलीचा मोठा हिस्सा खातात. एका जागी आठवडा राहायचे तर स्वयंपाकघरासह लाकडी घर भाड्याने मिळते, तिथल्या भाषेत हित्ते. शाकाहारी कुटुंबाला तर याहून मोठी सोय नाही. रेमा किंवा किवी दुकानातून तांदूळ, भाज्या, दही आणले की रोजच्या दोन वेळच्या महागड्या जेवणांचा प्रश्न मिटतो. तंबू ठोकणाऱ्यांना १९५७ च्या कायद्याने मोकळ्या रानात राहण्याचा हक्क आहे; राहत्या घरापासून दीडशे मीटर दूर राहायचे आणि एका जागी दोन रात्रींहून जास्त थांबायचे नाही, एवढे पथ्य.

मग आठ-दहा दिवस एका फियॉर्डवर करायचे काय, हा प्रश्न राहतो. मुक्काम लॅरडाल, सोग्नडाल किंवा लुस्टरच्या बाजूला धरला तर सोग्नेच्या पाच-सहा शाखा दीड-दोन तासांच्या आत येतात. त्यांतला प्रत्येक दिवस मी इथे मांडत नाही, काही सांगतो.

सोग्नेफ्येलचा घाट या सगळ्याचा मुकुट. गाउप्ने ते लोम १०८ किलोमीटर, माथा १४३४ मीटर, उत्तर युरोपातला सर्वांत उंच घाटरस्ता. तो १९३८ साली पुरा झाला. मंदीच्या काळात बेकार तरुणांच्या हातांना काम देऊन तो बांधून घेतला होता. सुरुवातीला लुस्टरच्या शाखेचे हिरवट पाणी आणि रासबेरीची शेते, मग जंगल, मग तुर्ताग्रोचे जुने गिर्यारोहकांचे हॉटेल आणि त्यामागे हुर्रुंगाने शिखरांची करवती रांग. याच रांगेतले २४०५ मीटरचे स्टोरे स्कागास्टोल्सटिंड १८७६ साली इंग्रज गिर्यारोहक विल्यम सेसिल स्लिंग्जबी याने सर केले, शेवटचा कडा एकट्याने. त्यापुढे झाडे संपतात आणि हिमनद्यांच्या पायथ्याचे पठार सुरू होते. हा रस्ता नुसता ओलांडला तर अडीच तासांचा आहे. त्याला पूर्ण दिवस द्यावा, लोमचे मध्ययुगीन लाकडी चर्च पाहावे, आणि त्याच रस्त्याने परत यावे. परतीचा रस्ता म्हणजे पुनरावृत्ती, असे मानणाऱ्यांनी संध्याकाळी सात वाजता पश्चिमेकडून तिरपा प्रकाश येत असताना तीच शिखरे पाहावीत. जूनमध्ये तिथे रात्री अकरापर्यंत उजेड असतो, त्यामुळे घाईचे काही कारण नसते.

या घाटाच्या पायथ्याशी, श्योल्डेनजवळच्या तळ्यावर तत्त्वज्ञ लुडविग विटगेनस्टाइनची झोपडी आहे. १९१३ साली तो इथे आला, पुढच्या वर्षी त्याने कड्यावर घर बांधायला घेतले आणि नंतर वर्षानुवर्षे पुन्हापुन्हा येत राहिला. 'फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स'चा काही भाग त्याने १९३६-३७ च्या मुक्कामात इथेच लिहिला. ते घर पुढे मोडून दुसरीकडे नेले होते, २०१९ साली मूळ पायावर पुन्हा उभे केले. एवढ्या चिकित्सक बुद्धीच्या माणसाला एकाच तळ्याकाठचा एकच कडा पुरला, हे मी या वादात पुरावा म्हणून मांडतो.

एक दिवस सोलवोर्नहून लहान फेरीने पलीकडे उर्नेसला जावे. तिथले लाकडी चर्च बाराव्या शतकातले आहे आणि उत्तरेच्या भिंतीत त्याहून जुन्या, अकराव्या शतकातल्या चर्चच्या कोरीव फळ्या बसवलेल्या आहेत: एकमेकांत गुंतलेले प्राणी आणि वेली, व्हायकिंगांच्या अखेरच्या काळातली शैली. १९७९ पासून ते जागतिक वारशात आहे. चर्चच्या दारात उभे राहिले की खाली फियॉर्ड, पलीकडे सोलवोर्नची पांढरी घरे, डोक्यावर बर्फ. हे चर्च गाडीच्या मोठ्या रस्त्यावर नसल्यामुळे यादीत क्वचित असते. एक दिवस योस्तेदालच्या दरीला द्यावा. युरोपच्या मुख्य भूमीवरच्या सर्वांत मोठ्या हिमाच्छादनाची निगार्ड ही शाखा तिथे उतरते. ती मागे सरकली आहे आणि सरकते आहे. ज्या शक्तीने हा फियॉर्ड खणला तिचे आजचे रूप पाहायचे, तर ते आता पाहिले पाहिजे.

बालेस्त्रांडहून गाउलारच्या डोंगरावर जाणारा रस्ता कमी लोक घेतात. त्याच्या वळणांच्या डोक्यावर त्रिकोणी काँक्रीटचा सज्जा आहे, आणि माथ्यापलीकडे गाउला नदी एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात धबधब्यांनी उतरत जाते. नॉर्वेने आपल्या बहुतेक मोठ्या नद्या विजेसाठी वापरल्या; ही नदी १९९३ साली राखून ठेवली. म्हणून इथला पाण्याचा जोर अजून मूळचा आहे. नॉर्वेच्या रस्तेखात्याने असे अठरा रस्ते निवडून राष्ट्रीय निसर्गमार्ग म्हणून जपले आहेत. त्यांतले सोग्नेफ्येल, औरलांड आणि गाउलार हे तीन एकट्या सोग्नेच्या काठावरून निघतात.

नेरोयफियॉर्ड मात्र पाण्यावरूनच पाहावा. फ्लोम ते गुडवांगेन दोन तास, विजेवर चालणाऱ्या आवाज नसलेल्या बोटीतून. सर्वांत अरुंद जागी रुंदी २५० मीटर. एरवी यादीतल्या ठिकाणांवर टीका करणारा मी इथे यादीशी सहमत आहे.

काही आक्षेप उरतात आणि त्यांतला एक मला मान्य आहे. मध्यरात्रीचा सूर्य सोग्नेवर दिसत नाही. त्यासाठी आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेलाच गेले पाहिजे. ज्याला ते हवे आहे त्याने विमानाने थेट लोफोटेनला जावे आणि तिथेच राहावे. ऑस्लोहून नॉर्डकॅपपर्यंत दोन हजार किलोमीटर चालवत जाणे आणि वाटेत फियॉर्डही उरकणे, यात दोन्हींवर अन्याय होतो. वयस्कर मंडळी सहलकंपनीबरोबर बसने जातात, त्यांनाही माझे हे म्हणणे लागू नाही. त्यांनी जबाबदारी दुसऱ्यावर सोपवली आहे आणि त्याच्या मोबदल्यात ठरलेली ठिकाणे स्वीकारली आहेत, तो रास्त सौदा आहे. माझा वाद आहे तो स्वतःच्या हातात चाक असताना बसचे वेळापत्रक पाळणाऱ्यांशी.

आणि आपल्यापुरता एक मुद्दा महत्त्वाचा आहे, तो महिन्याचा. महाराष्ट्रातली बहुसंख्य कुटुंबे मुलांच्या सुट्टीमुळे मे महिन्यात जातात. यादी मात्र जुलैतली असते. ट्रोलस्टीगन साधारण मेच्या उत्तरार्धात उघडतो, औरलांडचा हिमरस्ता जूनच्या सुरुवातीला. बर्फ जास्त असेल तर आणखी उशीर. मेच्या दुसऱ्या आठवड्यात पोहोचलेल्या कुटुंबाच्या यादीतली काही ठिकाणे लोखंडी फाटकामागे असतात. त्याच आठवड्यांत सोग्नेच्या आतल्या काठांवर सफरचंद आणि चेरीच्या बागा फुलतात, बर्फ वितळू लागल्याने धबधबे भरून वाहतात, आणि सोग्नेफ्येलचा घाट बहुतेक वर्षी मेच्या सुरुवातीलाच खुला होतो, दोन्ही बाजूंना गाडीहून उंच बर्फाच्या भिंती कापून. सतरा मे हा नॉर्वेचा राज्यघटना दिन. त्या दिवशी गावोगावी पारंपरिक वेशातल्या मिरवणुका निघतात आणि दुकाने बंद असतात, तेव्हा सामान आदल्या दिवशी भरून ठेवावे. राहण्याचे घर चार-सहा महिने आधी ठरवावे. घाटांचे दिवस ठरवूच नयेत. रोज सकाळी रस्तेखात्याच्या १७५ या क्रमांकावर कोणता घाट उघडा आहे ते विचारावे, माथ्यावरचे ढग पाहावेत आणि मग कोणत्या बाजूला गाडी वळवायची ते ठरवावे.